सात सोमवारची कहाणी

सोळा सोमवारची कहाणी आपल्या सगळ्यांना ठाऊक असते. इंग्लंडात १९७९ साली सात सोमवारची झाली. बीबीसी टूवर १० सप्टेंबरच्या सोमवारी सुरू झाली आणि २२ ऑक्टोबरच्या सोमवारी संपली. नाव 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'. जॉन ल कारेच्या १९७४ सालच्या कादंबरीवरून केलेली, साधारण पन्नास-पन्नास मिनिटांच्या सात भागांची हेरमालिका. आता हेरमालिका म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जे काही आलं असेल ना, ते आधी पुसून टाका. गाड्यांचा पाठलाग, इमारतींवरून उड्या, हिरोची स्मार्ट वाक्यं... यातलं जवळजवळ काहीच इथे नाही.

पहिलं दृश्यच सांगतो. एक रिकामी मीटिंग रूम. एक माणूस येतो, कागद टेबलावर ठेवतो, बसतो. मग दुसरा येतो. मग तिसरा. चौथा येतो तो चहाच्या कपावर बशी झाकून घेऊन. कोणी कोणाशी बोलत नाही. मला आधी वाटलं आवाज म्यूट झालाय की काय. मग लक्षात आलं, अरे, ही तर आमची सोमवार सकाळची स्टेटस मीटिंग!

या चौघांपैकी एक जण रशियाला फितूर आहे. कोण, ते कळायला पुढचे सात आठवडे.

(सूचना: कादंबरी वाचायची किंवा मालिका बघायची असेल तर इथेच थांबा. पुढे नाव येणार आहे. नंतर शिव्या घालू नका.)

ज्याच्यावर हा शोध सोपवलाय तो जॉर्ज स्मायली. स्मायली म्हटलं की आपल्याला चॅटमधला पिवळा गोल आठवतो, हा माणूस मात्र सबंध मालिकेत नीटसं हसत नाही. वय झालेलं, जाड चष्मा, नोकरीवरून काढून टाकलेला, बायको सोडून गेलेली. ज्यांनी तरुणपणी 'स्टार वॉर्स' बघितला त्यांना हा चेहरा ओळखीचा वाटेल, कारण ओबी-वान केनोबी झालेला ॲलेक गिनेसच हा. तेव्हा तो ६५ वर्षांचा होता. भूमिकेसाठी त्याने ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांना जेवणाच्या टेबलावर भेटून बारकाईने न्याहाळलं होतं. ही गाठ खुद्द ल कारेनेच घालून दिली.

आणि स्मायली करतो काय? वाचतो. लंडनमधल्या एका साध्याशा हॉटेलात खोली घेतो, ऑफिसातून चोरून आणलेल्या फाइली रात्ररात्र वाचतो. मग नोकरीवरून काढलेल्या एकेका जुन्या सहकाऱ्याला भेटतो आणि त्याला बोलू देतो. मधे चष्मा पुसतो. बस्स.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे बघताना एक वेगळीच मजा येते. कारण हे सरळसरळ डिबगिंग आहे. प्रोग्रॅम चुकतोय हे सगळ्यांना माहीत आहे, का चुकतोय हे कोणालाच नाही, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांना विचारायची सोय नाही, कारण बग त्यांच्यापैकीच एकाने मुद्दाम ठेवलाय. मग उरतात फक्त लॉग. आणि मालिकेतला कळीचा पुरावा तोच आहे: एका परदेशी तारेची नोंद शोधायला जावं तर रात्रपाळीच्या नोंदवहीतली नेमकी त्या वेळची पानं ब्लेडने कापलेली! चोर लॉगमध्ये सापडत नाही, मंडळी. लॉगमध्ये जे असायला हवं आणि नाही, तिथे सापडतो.

ही गोष्ट हवेतून आलेली नाही. ल कारे (खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल) स्वतः एमआय-फाइव्ह आणि एमआय-सिक्स अशा दोन्ही खात्यांत काम करून १९६४ साली बाहेर पडला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी १९६३ मध्ये, किम फिल्बी बैरुतमधून नाहीसा झाला आणि मॉस्कोत उगवला. हा फिल्बी आपल्याकडचाच. म्हणजे जन्माने. १९१२ साली अंबाल्याला जन्मलेला, बाप आयसीएसमधला अधिकारी, आणि 'किम' हे टोपणनाव किपलिंगच्या त्याच नावाच्या कादंबरीतल्या पोरावरून पडलेलं. केंब्रिजला शिकत असतानाच त्याचं मन साम्यवादाकडे वळलं. १९३४ च्या सुमारास रशियनांनी त्याला जोडून घेतलं. पुढे ब्रिटिश खात्यात तो इतका वर चढला की युद्धाच्या शेवटी रशियन हेरांविरुद्ध काम करणारा विभागच त्याच्या हाताखाली आला. चोरालाच कोतवाल केला म्हणतात तसं! १९५१ साली त्याचे दोन केंब्रिजी दोस्त, बर्जेस आणि मॅक्लीन, पळाले तेव्हा संशय त्याच्यावर आला. पण १९५५ साली परराष्ट्रमंत्री मॅकमिलन यांनी भर पार्लमेंटात सांगितलं की याच्याविरुद्ध काही आढळलेलं नाही.

का सांगितलं असेल? पुरावा नव्हता हे आहेच. पण त्यामागे आणखी एक गोष्ट होती. तो 'आपल्यातला' होता. त्याच शाळा, तेच क्लब, तीच बोलण्याची ढब. आपल्यातला माणूस असं करणार नाही, हे त्या लोकांनी गृहीत धरलं होतं. आपल्याकडे याला शब्द आहे: अस्तनीतला निखारा. अस्तनी आपलीच असते, म्हणून तर जळेपर्यंत कळत नाही.

मालिका संपल्यावर अवघ्या साडेतीन आठवड्यांत, १५ नोव्हेंबर १९७९ ला, पंतप्रधान थॅचरबाईंनी पार्लमेंटात आणखी एक नाव जाहीर केलं: सर अँथनी ब्लंट. राणीच्या चित्रसंग्रहाचा वर्षानुवर्षांचा प्रमुख, नामांकित कला-इतिहासकार, आणि फिल्बीच्याच गटातला रशियन हेर. त्याने १९६४ सालीच खाजगीत कबुली दिली होती, सरकारने पंधरा वर्षं झाकून ठेवली. पडद्यावर घरभेदी सापडतोय आणि महिन्याच्या आत पेपरात खराखुरा घरभेदी... लोकांना काय वाटलं असेल, कल्पना करा.

आता सगळं श्रेय संथपणाला देऊन चालणार नाही, नशीबही होतं. त्या वर्षी १० ऑगस्टपासून २४ ऑक्टोबरपर्यंत संपामुळे आयटीव्ही हे बीबीसीचं प्रतिस्पर्धी चॅनेल जवळजवळ सगळीकडे बंद होतं. म्हणजे सातही सोमवार लोकांपुढे पर्याय फारसा नव्हता! आपल्याकडे एकट्या दूरदर्शनच्या काळात आपणही असंच केलं की. १९९१-९२ मध्ये रविवारी सकाळी 'चाणक्य' लागायची, तिच्यातले हेर आणि अमात्य लांबलांब संस्कृतप्रचुर बोलायचे, आणि अर्धंही न कळता आमच्या आळीतली पोरं गप्प बसून बघायची. पर्याय नसला की माणूस सबुरी शिकतो, एवढं खरं.

पण २०११ साली याच कादंबरीवर गॅरी ओल्डमनला घेऊन सिनेमा आला तेव्हा फरक समजला. सिनेमा उत्तम आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण दोन तासांत 'कोण' एवढंच सांगता येतं. 'कसं' ते सांगायला वेळ लागतो, कारण फितुरी स्वतःच संथ असते. ती एका रात्रीत होत नाही. ती वर्षानुवर्षांच्या चहात, जेवणात, चौकशीत मुरते. जॉन अर्विन हा दिग्दर्शक आणि पटकथा लिहिणारा आर्थर हॉपक्राफ्ट, दोघांनी तो मुरण्याचा वेळ प्रेक्षकाला भोगायला लावलाय.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दिल्लीत घडतं. हो, आपल्या दिल्लीत. रशियाच्या बाजूचा सूत्रधार आहे कार्ला. (कार्ला म्हटलं की आपल्याला लेणी आणि एकवीरा आई आठवणार, त्याला इलाज नाही.) हा कार्ला अनेक वर्षांपूर्वी दिल्लीच्या तुरुंगात असतो आणि स्मायली त्याला फोडायला जातो. भयंकर उकाडा. स्मायली बोलतो, बोलतो, बोलतो. कार्ला एक शब्द उच्चारत नाही. पॅट्रिक स्टुअर्टने ही भूमिका एकही वाक्य न बोलता केलीय. शेवटी घामाघूम झालेला स्मायली त्याला घरची, बायकामुलांची आठवण काढून देऊ पाहतो आणि त्या भरात स्वतःच्याच बायकोबद्दल बोलून बसतो. कार्ला जाताना स्मायलीचा लायटर घेऊन जातो. बायकोने दिलेला.

उलटतपासणी कोणी कोणाची घेतली? कार्लाला कळलं की या माणसाची दुखरी जागा कोणती. मग वर्षांनंतर त्याने आपल्या फितुराला सांगितलं: स्मायलीच्या बायकोशी सूत जुळव. म्हणजे उद्या स्मायलीला तुझा संशय आला तरी त्याला स्वतःलाच वाटेल की आपण मत्सरापोटी म्हणतोय. काय डोकं आहे बघा! तो फितूर म्हणजे बिल हेडन. चहाच्या कपावर बशी झाकून येणारा. चौघांतला सगळ्यात हुशार, सगळ्यात देखणा, सगळ्यांचा लाडका. त्याने आपला जिवलग मित्र जिम प्रिडो यालाही चेकोस्लोव्हाकियात गोळ्या खायला पाठवलं होतं. स्मायली जिंकतो, पण शेवटच्या भागात त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीही दिसत नाही.

आता ही मालिका मला एवढी का लागली ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होतो तिथे आमचा कोड बाहेर जातोय अशी शंका आली. लॉग तपासायचं काम माझ्याकडे आलं. तीन रात्री बसलो. एका वीकेंडच्या नोंदी मधूनच गायब होत्या. त्या पुसायचा अधिकार चार जणांना होता, आणि त्यातल्या एकाचा ॲक्सेस माझ्या सहीने मंजूर झालेला होता. माझा मित्र. रोज एका डब्यात जेवणारा. एका दिवाळीत तो माझ्याबरोबर सोयगावला आला होता, आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन 'काकू, आता मी इथेच राहतो' म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला लेणी दाखवायला नेलं. आईने अजून मधेमधे विचारावं, तो तुझा मित्र कसा आहे रे? आणि मी म्हणावं, बरा आहे. असो.

तर लेणी. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो: अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात, पण अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात, फर्दापूरच्या बाजूला वाघूर नदीच्या वळणावर. छत्रपती संभाजीनगरहून जाणारे घाट उतरून येतात, आम्ही खालूनच जातो. शाळेची सहल तिथेच, पाहुणे आले की तिथेच. त्यामुळे लेण्यांकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या प्रकरणानंतर सुट्टीवर घरी आलो तेव्हा मात्र वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता बिल हेडन भेटला. पंधराशे वर्षांपूर्वीचा!

दंडीचं 'दशकुमारचरित' हे सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचं संस्कृत गद्य. त्यातल्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाच्या राज्याची गोष्ट आहे. पुण्यवर्मा नावाचा कर्तबगार राजा जातो आणि मुलगा अनंतवर्मा गादीवर येतो. हुशार, कलासक्त, पण राज्यकारभाराचा कंटाळा. वसुरक्षित नावाचा म्हातारा मंत्री त्याला समजावतो. तेवढ्यात विहारभद्र हा खुशमस्कऱ्या दरबारी अर्थशास्त्रातल्या राजाच्या दिनक्रमाची अशी काही टर उडवतो की विचारू नका. या प्रहरी जमाखर्च, त्या प्रहरी खटले, मग मंत्र्यांशी सल्ला, मग हेरांचे अहवाल... झोपायचं कधी? टाइमशीट भरणाऱ्या कोणालाही हसू येईल. राजालाही आलं.

आणि मग येतो चंद्रपालित. शेजारच्या अश्मक देशाच्या मंत्र्याचा मुलगा. येताना सांगतो की माझ्या वाईट चालीमुळे बापाने मला हाकलून दिलं. बरोबर गाणारे, नाचणाऱ्या, आणि त्यांच्यात मिसळलेले हेर. आधी तो विहारभद्राशी मैत्री करतो, त्याच्यामार्फत राजाशी. मग राजाला जे जे आवडतं ते ते कसं गुणकारी आहे हे पटवतो. शिकार? चरबी झडते, ऊन-थंडी सोसायची सवय होते. जुगार? ढीगभर पैसा गवतासारखा सोडून देता येतो, मन उदार होतं. दारू, बायका, सगळ्याचे फायदे मुद्देसूद. राजा तसा वागतो, राजाचं बघून अधिकारी, अधिकाऱ्यांचं बघून प्रजा. तोवर अश्मकाचे हेर विदर्भाची लढणारी माणसं एकेक करून संपवतात: कोणाला शिकारीच्या निमित्ताने रानात नेऊन वणव्यात, कोणाला भांडणं लावून, कोणाला विष घालून.

राज्य आतून पोकळ झालं की अश्मकाचा राजा वसंतभानू वनवासीच्या राजाला हल्ल्याची फूस देतो. अनंतवर्मा सामंतांना बोलावतो. सगळ्यात आधी धावून कोण येतो? वसंतभानूच! आणि ऐन लढाईत सामंत मागून वार करतात. त्यात ऋषिक देशाचा राजा एकवीर आहे, आणि ऋषिक म्हणजे खानदेशाच्या आसपासचा, आमच्याकडचा मुलूख असं अभ्यासक मानतात. (कार्ल्याला एकवीरा, इथे एकवीर. योगायोग, दुसरं काय.) अनंतवर्मा मरतो. राणी दोन लेकरं घेऊन पळते.

नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी असा विचार मांडला की ही नुसती कथा नाही. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम, तिथल्या वाकाटक घराण्याच्या अंताची आठवण दंडीने नावं बदलून जपलीय. पुण्यवर्मा म्हणजे सम्राट हरिषेण, आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा मुलगा. पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या वॉल्टर स्पिंक यांनी हा धागा उचलून थेट अजिंठ्याच्या दगडाला जोडला. हरिषेणाच्या काळात लेणी झपाट्याने कोरली जात होती. १६ नंबरचं लेणं त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करवलं. वेताळवाडीपलीकडे जंजाळ्याच्या डोंगरात घटोत्कच लेण्यातही याच वराहदेवाचा शिलालेख आहे. स्पिंक म्हणतात, इसवी सन ४७७ च्या सुमारास हरिषेण गेला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत काम कोसळलं. बाकीचे अभ्यासक इतकं नेमकं वर्ष मान्य करत नाहीत, काही जण काम पुढेही बराच काळ चालू राहिलं म्हणतात. वाद अजून मिटलेला नाही.

मला मात्र एक गोष्ट चिकटली. २६ नंबरच्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा लेख आहे. हे लेणं त्याने भव्विराज या आपल्या मित्राच्या स्मरणार्थ केलं. भव्विराज कोण? अश्मक राजाचा मंत्री! लेखात अश्मकाची थोरवी आहे, मैत्रीबद्दल फार सुंदर भावना आहे. आणि ज्याच्या काळात या डोंगरात एवढं काम झालं त्या हरिषेणाचं नाव? कुठेच नाही. स्पिंक यांनी हा अर्थ घेतला की तोवर इथली सत्ता अश्मकांकडे गेली होती. लॉगमधली गायब ओळ, दुसरं काय.

आता इथे स्वतःला आवरायला हवं. समजा पंधराशे वर्षांनी ब्रिटिश खात्याची सगळी कागदपत्रं नष्ट झाली आणि फक्त ही सात भागांची मालिका उरली. तेव्हाचा इतिहासकार लिहील की हेडन नावाचा फितूर होता आणि त्याचा मित्रानेच मान मोडून खून केला. सगळं चूक. फिल्बी मॉस्कोत १९८८ पर्यंत जगला, रशियाने त्याच्या नावाचं टपाल तिकीटही काढलं. तसंच चंद्रपालित नावाचा कोणी होता का, हे दंडीवरून ठरवता येणार नाही. दंडीने लिहिलं तेही घटनेनंतर दोनेकशे वर्षांनी. कादंबरीतून माणसं मिळत नाहीत. पद्धत मिळते. नाराज होऊन बाहेर पडल्याचं नाटक, आधी मित्राशी मैत्री मग मालकाशी, समोरच्याला आवडेल तेच बोलणं, आणि घाई अजिबात नाही. ही पद्धत दंडीला माहीत होती, ल कारेला माहीत होती. त्या इतिहासकाराने नावं सोडून एवढं जरी उचललं तरी विसाव्या शतकाबद्दल त्याला बरंच खरं कळेल.

आणि किंमत कोण भरतं हेही मिळतं. मालिकेत ती हेडन भरत नाही, जिम प्रिडो भरतो, पाठीत गोळी घेऊन एका शाळेत मास्तरकी करत. चेकोस्लोव्हाकियात पकडलेली, नावही न कळणारी माणसं भरतात.

आमच्याकडे ती २४ नंबरच्या लेण्यात दिसते. पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक झालं असतं. आत कच्चे खांब आहेत, दगडाचे न काढलेले ढेप आहेत, छिन्नीचे घाव कालचे वाटावेत असे आहेत. काम थांबण्याची कारणं अनेक असतील. पण दरबारात कोणी कोणाशी गोड बोलल्यामुळे जर हे थांबलं असेल, तर त्या पाथरवटाला त्यातलं काय माहीत असणार? त्याला एके सकाळी कोणीतरी सांगितलं असेल, उद्यापासून येऊ नका.

त्या दिवाळीत मित्राला घेऊन गेलो तेव्हा तो या लेण्यात बराच वेळ उभा होता. मला म्हणाला, 'एवढं करून अर्धवट का सोडलं असेल रे?' मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. त्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं, तेही नाही. नंतर तारखा जुळवून बघितल्या. तो वीकेंड दिवाळीच्या आधीचा होता.

मालिका परवा तिसऱ्यांदा बघून संपवली. दर वेळी वाटतं, या वेळेस पहिल्या दृश्यातच हेडनच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. काही दिसत नाही. तो फक्त चहा सांडू नये म्हणून जपून चालत येतो.